पेपरात १५ पैकी १४, वर्गात पोरं सहा: इंदूरच्या एका मराठी मंडळीतलं कृपादानांचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं आहे. इंदूर, मराठी उपासना, चाळीसेक घरं. नावं कुणाचीच देत नाही कारण सगळे हयात आहेत आणि येत्या रविवारी मला त्यांच्याच शेजारी बसायचंय. मी त्या काळात पंच कमिटीची सेक्रेटरी होते त्यामुळे कागद सगळे माझ्याकडे आहेत, भरलेले फॉर्म, मिटिंगची मिनिट्स, संडे स्कूलची हजेरीची वही. आपलं आत्मिक दान किंवा कृपादान, म्हणजे मंडळीच्या कामासाठी देवाने आपल्याला दिलेली देणगी, कोणतं हे ओळखायचं कसं, त्याची काही टेस्ट-बिस्ट असते का असं बरेच जण विचारतात. टेस्ट असते. आम्ही घेतली. पुढे काय झालं ते सांगते.

आधी मंडळी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंदुरात मिशनचं काम १८७७ साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन लोकांनी सुरू केलं, इंदूर ख्रिश्चन कॉलेज पण त्यांचंच, १८८७ चं. आमची घरं त्या कामातून आलेली नाहीत. आमचे आजोबा-पणजोबा नगर, जालना, नाशिककडून नोकरीच्या मागे इकडे आले, कुणी रेल्वेत, कुणी कापड मिलमध्ये, बायका नर्सिंगला, आणि मराठीतून भजनं म्हटल्याशिवाय रविवार झाल्यासारखा वाटेना म्हणून ही उपासना सुरू झाली ती अजून चालू आहे. पोरं मात्र तिसऱ्या-चौथ्या पिढीची. घरात मराठी, शाळेत हिंदी नाहीतर इंग्लिश, आणि गल्लीत बोलतात ते अस्सल इंदुरी. "मम्मी मी त्याला बोललो पन वो मानतच नाहीये" ही यांची मातृभाषा. देवनागरी येते म्हणून मराठी बायबल वाचून दाखवतात हो, पण वाचून झाल्यावर काय वाचलं विचारलं तर एकमेकांकडे बघतात.

संडे स्कूल कित्येक वर्षं एक नर्सताई सांभाळायच्या. त्यांच्या मिस्टरांची पुण्याला बदली झाली आणि त्या गेल्या. मागे वीसेक पोरं, वय ६ ते १४, एक खोली, एक फळा. पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या पाद्रींकडे, आमच्याशिवाय आणखी दोन मंडळ्या आहेत, ते महिन्यातले दोनच रविवार आमच्याकडे असतात, म्हणजे शिक्षक आमच्यातूनच काढायचा होता. आमची नेहमीची पद्धत अशी की कमिटीत थोडा वेळ एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं आणि जो मिटिंगला आलेला नाही त्याचं नाव लिहून टाकायचं. यावेळी मात्र एका मेंबरांच्या भाच्याने पीडीएफ पाठवली, आत्मिक दानांची प्रश्नावली, इंग्लिशमधून मराठी केलेली, आणि सगळ्यांना वाटलं चला, एकदा शास्त्रशुद्ध होऊन जाऊ दे.

अशा प्रश्नावल्या अमेरिकेत १९७० च्या दशकात निघाल्या आणि तिथून जगभर गेल्या. आमच्या हाती आलेल्या पेपरात १२५ वाक्यं, २५ दानं, एकेका दानाची ५ वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यापुढे आपणच आपल्याला ० ते ३ मार्क द्यायचे. म्हणजे एका दानाला जास्तीत जास्त १५. उपासनेनंतर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून सगळ्यांनी भरायला घेतला. अविवाहित राहण्याचं पण दान असतं, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १ करिंथ ७ मध्ये म्हटलंय तसं, त्यावरची वाक्यं आली तेव्हा महिला मंडळात जी खसखस पिकली ती काही थांबेना, एक मावशी म्हणाल्या "तीस वर्षं संसार केल्यावर आता कशाला विचारताय, आधी विचारायचं होतं." तरुण पोरांनी पटापट टिकमार्क केले. म्हातारी माणसं प्रत्येक वाक्य जोरात वाचत होती त्यामुळे शेजारच्याचं उत्तर आपोआप तेच येत होतं. आणि आमच्याकडे चहा-पोह्याचं बघणाऱ्या काकू, ज्या एरवी सुदामा नगरला टिफिनचं काम करतात, त्यांनी चाळीसाव्या वाक्यापर्यंत भरला आणि "चहा उतू जातोय" म्हणून उठल्या त्या परत आल्याच नाहीत. तो अर्धा फॉर्म माझ्याकडे अजून आहे. बहुतेक सगळीकडे १. स्वतःला ३ मार्क द्यायला त्यांचा हात धजलाच नसणार.

एका पोराने एक्सेलमध्ये बेरजा केल्या. शिक्षणाच्या दानात पहिले आले बँकेतले काका. १५ पैकी १४.

काकांबद्दल सांगायलाच हवं. रिटायर्ड बँक मॅनेजर, साठी ओलांडलेली, मूळचे नगरकडचे, रोज पहाटे उठून बायबल वाचणार, घरात टीकाग्रंथांचं एक अख्खं कपाट. माणूस सोन्यासारखा. "अवघड वचन समजून घेऊन दुसऱ्याला सांगायला मला आवडतं" या वाक्याला त्यांनी ३ दिले आणि ते शंभर टक्के खरं होतं, त्यांना आवडतंच. फक्त त्या पेपरात ऐकणाऱ्याला काय वाटतं हे विचारणारं एकही वाक्य नव्हतं. आणि अजून एक गोष्ट त्यावेळी कुणाच्याच लक्षात आली नाही, ती मी फॉर्म परत काढला तेव्हा दिसली. व्यवस्थापनात काकांनी स्वतःला फक्त ६ दिले होते. का, तर त्यांच्या मते वही नीट ठेवणं, वेळेवर येणं, हिशोब जुळवणं हे काय दान आहे? ते तर कुणीही करायलाच हवं. माझ्या मते या सगळ्या प्रश्नावल्यांचं खरं दुखणं इथेच आहे. जे आपल्याला फार सहज जमतं ते आपण मोजतच नाही, आणि जे आपल्याला व्हावंसं वाटतं त्याला भरभरून मार्क देतो.

काकांनी संडे स्कूल घेतलं. पहिल्या रविवारी दोन पानी टाइप केलेल्या नोट्स, प्रत्येक पोराला झेरॉक्स. विषय निवासमंडप, म्हणजे मोशेच्या काळातलं इस्राएल लोकांचं तंबूतलं देवस्थान. मी मागे बसले होते म्हणून माझ्या डोळ्यासमोरचं सांगते. काकांनी घरून आणलेल्या मोठ्या लाकडी पट्टीने फळ्यावर अंगणाचा नकाशा काढला, लांबी १०० हात, रुंदी ५०, पडद्याची उंची ५, सगळं बायबलातल्या निर्गम २७ प्रमाणे बरोब्बर, आणि मग पोरांना विचारलं की सांगा बरं, एकूण खांब किती होतील. आठ वर्षांचा एक पोरगा म्हणाला "काका, बाथरूम." त्याच्या मागून अजून चौघांना बाथरूम आली. काका रागावले नाहीत हां, त्यांनी त्या पाचही जणांची नावं वहीत लिहिली, किती वाजता गेले आणि किती वाजता आले ते पण.

असंच चालू राहिलं. निवासमंडपानंतर याजकांची वस्त्रं, मग अर्पणांचे प्रकार. पावसाळा संपेपर्यंत वर्गात सहा पोरं उरली, त्यातली दोन कमिटी मेंबरांची, म्हणजे ती येणारच होती. आयांनी कुजबुज सुरू केली. पण साठी ओलांडलेल्या माणसाला, जो दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन खोली झाडतो त्याला, सांगणार कोण की काका पोरं झोपतात? आणि वरून कागद होता ना. टेस्टमध्ये पहिला नंबर. एक मेंबर तर मिटिंगमध्ये म्हणाले की दान देवाने दिलेलं आहे, पोरांना शिस्त नाही हा आईबापांचा दोष.

त्याच सुमाराला पाळकसाहेबांनी कृपादानांवर अभ्यास ठेवला, आणि तिथे वेगळाच वाद निघाला. आमच्यातली दोन-तीन तरुण जोडपी दुसरीकडच्या प्रार्थनासभांना जातात, त्यांचं म्हणणं की दान म्हणजे अन्य भाषा (आत्म्याने भरून, न शिकलेल्या भाषेत बोलणं), भविष्यवाद, आरोग्यदान, आणि तुम्ही इथे संडे स्कूलच्या हजेरीवर काय बोलताय. एक आजी आहेत, त्यांची आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. १९०५ साली तिथे मोठी जागृती झाली, मुली रात्र-रात्र प्रार्थना करायच्या, अन्य भाषेत बोलल्याच्या नोंदी आहेत, हे खरंच आहे. आजी म्हणाल्या, आमच्या आजीने ते पाहिलेलं, पण ती सांगायची की रमाबाईंनी भाषांतर केलेल्या बायबलच्या छपाईचे खिळे पण तिथल्या मुलींनीच जुळवले, छापखाना मुलीच चालवायच्या, आणि त्याला कुणी कमी काम समजायचं नाही. यावर त्या जोडप्यांना पटकन काही बोलता येईना. माझं पण हेच मत आहे. १ करिंथ १२ च्या अठ्ठाविसाव्या वचनात चमत्कार, आरोग्यदानं, साहाय्य, व्यवस्थापन आणि अन्य भाषा सगळं एकाच रांगेत बसवलंय, पौलाला त्यात काही अवघडल्यासारखं वाटलेलं दिसत नाही.

पाळकसाहेबांनी अजून एक दाखवलं ते मला फार पटलं. रोमकरांस १२ मध्ये सात दानं आहेत, १ करिंथ १२ च्या सुरुवातीला नऊ, शेवटी परत निराळीच यादी, इफिसकरांस ४ मध्ये अजून निराळी, आणि पेत्राने तर सरळ दोनच भाग केलेत, बोलणारे आणि सेवा करणारे. एक यादी दुसरीशी जुळत नाही. म्हणजे यादी पाठ करून त्यात आपला नंबर शोधणं हा या पत्रांचा हेतूच नसावा. मग त्यांनी प्रेषितांची कृत्ये ६ काढलं. तिथे कुणी आपलं दान शोधत बसलेलं नाही. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली, गरज समोर आली, प्रेषित म्हणाले तुमच्यातली चांगल्या नावाची सात माणसं तुम्हीच निवडा, लोकांनी निवडली, मग त्यांच्यावर हात ठेवले. आधी गरज, मग लोकांची नजर, मग जबाबदारी. आणि गंमत बघा, जेवणाच्या पंगतीसाठी निवडलेल्या त्या सातांतलाच स्तेफन पुढे सभेसमोर एवढं मोठं भाषण करतो आणि फिलिप्प शोमरोनात जाऊन उपदेश करतो. म्हणजे एकदा पंगतीला लावलं म्हणून जन्मभर पंगतीलाच, असंही नाही.

अभ्यास संपल्यावर पोह्याच्या प्लेटा गोळा करता करता काकू मला म्हणाल्या, अगदी सहज, हातात जीरावणची डबी होती, "ताई, काका पोरांना शिकवत नाहीत हो, मोजतात. पण मोजतात ते बरोबर मोजतात. माझ्या गल्लीतली ती पोरगी येत नव्हती ना, तिच्याकडे काकाच गेले होते विचारायला, दुसरं कोणी गेलं?"

मी घरी येऊन हजेरीची वही उघडली. नर्सताईंच्या काळात नुसते टिकमार्क होते. काकांच्या वहीत प्रत्येक पोराचं एक पान. वाढदिवस, शाळा, परीक्षा कधी, घरी कोण आणायला-सोडायला आहे, आणि सलग दोन रविवार आलं नाही की लाल शाईने घरी फोन केल्याची तारीख आणि कारण. सुखलियाच्या चार पोरांपुढे लिहिलेलं, "मॅजिकचं भाडं, दोन्ही वेळचं, परवडत नाही." (मॅजिक म्हणजे आमच्याकडची शेअर व्हॅन.) एका मुलीपुढे, "रविवारी नर्मदेचं पाणी येतं, आई ड्यूटीवर, भरायला ही एकटीच." आपल्याकडे नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, त्यामुळे ती एक रविवार सोडून एक गैरहजर असायची आणि आम्ही समजत होतो तिला इंटरेस्ट नाही. वीस पोरांची अशी माहिती पाळकसाहेबांकडे नव्हती, कमिटीकडे नव्हती, खरं सांगायचं तर काही जणांच्या आईबापांकडे पण नसेल.

म्हणजे पोरं गळाली त्याला दोन कारणं होती. एक धडा कळत नव्हता, आणि दुसरं येणंजाणं. पहिल्याला काका कारण होते आणि दुसरं काकांनीच शोधून काढलं होतं, पण त्यांच्या हातात पैसे नव्हते आणि कुणी वही मागितली नव्हती.

आता वर्ग कोण घेणार हा प्रश्न आपोआप सुटल्यासारखा झाला. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काही आठवडे आराम सांगितला, आणि त्या रविवारी पोरं मोकाट. एक पोरगा आहे, बी.कॉम.ला, संध्याकाळी डिलिव्हरीचं काम करतो, बहिणीला सोडायला येतो आणि बाहेर बाइकवर मोबाइल बघत बसतो. उपासनेला आत कधी येतो कधी नाही. दृढीकरण, म्हणजे मंडळीचा पूर्ण सभासद होण्याचा विधी, झालेलं नाही त्यामुळे त्याला फॉर्मच मिळाला नव्हता. काकूंनी त्याला हाक मारून सांगितलं, "अरे तू यांना अर्धा तास गुंतव, नाहीतर हे माझी कढई उलटवतील." त्याने योना सांगितला. देव म्हणतो निनवेला जा, आणि हा भाऊ "नहीं यार, मी नाही जाणार, आपुन तो तार्शिशला निघाले," तिकीट काढून डायरेक्ट जहाजाच्या तळाला जाऊन झोपतो. आवाज काढून, खुर्चीवर चढून. आम्ही उपासनेत प्रार्थना करत होतो आणि शेजारच्या खोलीतून हसण्याचा असा आवाज आला की पाळकसाहेबांनी आमेन लवकर म्हटलं. पुढच्या रविवारी सहाची अकरा पोरं झाली, जाहिरात पोरांनीच केली.

पण पोरगा कच्चा होता, हे पण लिहायला हवं. दुसऱ्या गोष्टीत त्याने गिदोन आणि शमशोन एक करून टाकले. तिसऱ्या वेळी अर्धा तास उशिरा आला. एका वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या एल्डरांनी, कमिटीत याकोब ३:१ वाचून दाखवलं, की तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, शिक्षकांचा न्याय अधिक कडक होणार आहे, आणि वर विचारलं की ज्याचं अजून दृढीकरण नाही, जो मिमिक्री करतो, त्याच्या हातात पोरं द्यायची? वचन चुकीचं लावलं असं मला म्हणता येणार नाही. मुद्दा होताच.

पाळकसाहेब काकांच्या घरी गेले, राजेंद्र नगरला. मला बरोबर नेलं कारण वही माझ्याकडे होती. मला वाटत होतं आता काका दुखावणार, हे घर मंडळीतून सुटणार. पाळकसाहेबांनी वर्गाचं नावच काढलं नाही. वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "काका, यातल्या कुणाची काळजी वाटते तुम्हाला?" काका वही न उघडता बोलायला लागले. एकेक पोरगं. कुणाचे वडील पितात, कुणाला चष्मा लागलाय पण घरी सांगत नाही, कुणाला मराठी वाचता येत नाही म्हणून तो मागे बसतो. चहा दोनदा झाला. मग पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "आणि धडा त्यांना कितपत कळतो?" काका जरा थांबले आणि म्हणाले, "नाही कळत. मला दिसतं ना. पण मला दिलेलं काम आहे, मी कसं सोडू?" आतून काकी म्हणाल्या, "मी तर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं."

मला इथे बायबलमधला अपुल्लो आठवतो. तो बोलायला जोरदार होता पण अर्धवट माहितीवर, तर प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला सभास्थानात सगळ्यांसमोर न अडवता स्वतःकडे नेऊन समजावलं, कृत्ये १८. आपल्याकडे दानांवर तासन्तास बोलतात, पण हे तुमचं काम नाही असं एखाद्याला सांगायचं कसं यावर कुणी बोलत नाही, आणि निम्म्या मंडळ्या तिथेच अडकलेल्या असतात. माणूस दुखावेल म्हणून वर्षानुवर्षं बेसूर माणूस गाणं उचलतो आणि सगळे माना खाली घालून म्हणतात. काकांना मोकळं करायची गरज होती, काढून टाकायची नव्हती. ते स्वतः सोडू शकत नव्हते कारण सोडणं म्हणजे देवाचं काम टाकणं असं त्यांना वाटत होतं.

काका तयार झाले, पण त्यांनी अट घातली. पोरगा जे सांगणार ते आधी माझ्यासमोर बसून वाचेल, शुक्रवारी रात्री आठला, माझ्या घरी. आणि मिमिक्रीचं? त्यावर काका जे म्हणाले ते मला अपेक्षित नव्हतं. म्हणाले, आमच्याकडे नगरला ख्रिस्ती कीर्तनं व्हायची, जुनी परंपरा आहे ती, आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी पण कीर्तनं केली, मी लहानपणी ऐकलीयत, बुवा सोंग करूनच सांगायचे, त्याला काय बिघडलं.

मिनिट्समध्ये असं लिहिलं: वर्गाची जबाबदारी काकांची, गोष्ट सांगणार तो पोरगा, काका वर्गात मागे बसणार, पोराने दृढीकरणाच्या क्लासला बसायचं की नाही हे त्याच्यावर सोडलं, पण काकांशिवाय वर्ग नाही. याकोबवाल्या वडिलांनी पण सही केली. शिवाय काकांना महिना १५०० रुपये हातात, सुखलियाच्या मॅजिकसाठी, आणि खोलीची किल्ली. किल्ली आणि पैसे ही गोष्ट मी मुद्दाम सांगतेय. व्यवस्थापनाचं दान आहे म्हणायचं आणि दहा रुपयाच्या खडूसाठी ट्रेझररला फोन लावायला लावायचं, याला काही अर्थ नाही.

एका शुक्रवारी मी वही द्यायला गेले होते तेव्हा दोघं १ राजे १७ घेऊन बसलेले. एलीया संदेष्टा करीथ ओढ्यापाशी, कावळे त्याला भाकर आणि मांस आणून देतात. पोरगा म्हणाला, मी कावळ्यांना पोहे-जलेबी आणायला लावतो, पोरं खूश होतील. मला वाटलं काका आता उठतात. काका म्हणाले, "आणू दे. पण सकाळ-संध्याकाळ आणलं हे विसरू नको. आणि पुढे ओढा आटला, ते गाळू नको." पोरगा म्हणाला ते कशाला, ते सॅड आहे, गोष्ट कावळ्यांवर संपवतो. काका म्हणाले, "पोरांच्या घरी पाणी जात नाही का? त्यांना तेच कळेल. सात नंबरचं वचन वाच परत." पोराने वाचलं, मोठ्याने, अडखळत, काकांनी एक शब्द सुधारला, आणि मग जवळजवळ पाऊण तास ते दोघं नुसते त्या आटलेल्या ओढ्यावर बोलत होते. पोरगा प्रश्न विचारत होता! जो उपासनेला आत येत नाही तो.

तर १४ मार्क खोटे नव्हते. टेबलाच्या पलीकडे एकच माणूस असला तर काका शिक्षक आहेत, फार चांगले आहेत. वीस पोरं समोर आली की त्यांचा कॅशियर होतो. पेपरात शिक्षण असा एकच कॉलम होता, कुणाला, किती जणांना, उभं राहून की बसून, हे त्यात कुठून येणार. ते काम करताना दिसतं, तेही ज्याचं दान त्याला नाही, आजूबाजूच्यांना.

त्या पीडीएफचं काय केलं? पाळकसाहेबांनी फाडली नाही, म्हणाले पडू दे कपाटात, पौल रोमकरांना दानांच्या आधीच सांगतो की स्वतःविषयी मर्यादेने विचार करा, त्याला हा पेपर थोडा उपयोगी आहे. पण आता आम्ही वर्षातून एकदा साधा कागद देतो. त्यावर स्वतःबद्दल एक ओळ नाही. गेल्या वर्षात मंडळीतल्या कुणामुळे तुम्हाला आधार झाला आणि त्यांनी नेमकं काय केलं, एवढंच. पहिल्याच वर्षी नऊ कागदांवर एका गृहस्थांचं नाव आलं जे मिटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत. ते उपासनेनंतर म्हाताऱ्यांना स्कूटरवर घरी सोडतात आणि येताना औषधं आणून देतात, प्रत्येकाला वाटत होतं फक्त आपल्यालाच. त्यांच्या जुन्या फॉर्मवर दयेला ५ मार्क होते.

सगळं छान झालं असं नाही. पोरं परत सतरापर्यंत आली, पण मोठ्या मुलींपैकी दोघी आल्या नाहीत त्या नाहीतच, त्या आता एका इंग्लिश फेलोशिपला जातात, तिथे गिटार आहे आणि त्यांच्या वयाचं कुणीतरी आहे. तेरा-चौदाच्या पोरांना खुर्चीवर चढून सांगितलेला योना पुरत नाही, त्यांच्यासाठी आमच्याकडे अजून कुणी दिसलेलं नाही. अन्य भाषावाली दोन जोडपी पण नाराजच आहेत, एक तर उपासनेला यायचं कमी झालंय, पाळकसाहेब त्यांच्या घरी जाऊन आले पण काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि विचारणार पण नाही.

काकूंना कमिटीत घ्यायचं ठरलं होतं, कारण कुणाला कुठे लावायचं हे त्यांना आमच्या आधी दिसतं. त्यांनी नाही म्हटलं. "मिटिंगमध्ये बसले तर पोहे कोण करणार, आणि पोह्याच्या रांगेत उभं राहिल्याशिवाय माणूस कळतो होय?" मग आता नवीन नेमणूक करायची असली की मिटिंगच्या आधी कुणीतरी एक जण चहाच्या टेबलापाशी जाऊन त्यांना विचारून येतो. मिनिट्समध्ये ते येत नाही.

पोरगा दृढीकरणाच्या क्लासला बसतोय, हो म्हणालाय असं नाही, बसतोय. त्याला पुण्याच्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू पण आलाय. काकांनी शुक्रवारी अकरावीतल्या एका मुलीला पण बसवायला सुरुवात केलीय, नर्मदेच्या पाण्यामुळे गैरहजर राहणारी जी होती तिची मोठी बहीण. पुढच्या मिटिंगला मॅजिकचं भाडं १५०० वरून २००० करायचा ठराव आहे. काकांनी तीन पानी हिशोब जोडलाय, फेरीनिहाय, आणि ट्रेझररचा विरोध आहे.